डिंगीची खोळ

डिंगीला खोळ शिवायची कल्पना माझी नव्हती, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. अर्थात मी विरोधही केला नाही, आणि वजनमापं खात्यात चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासलेल्या माणसाला गप्प बसण्याचंही वजन असतं एवढं कळायला हवं होतं. खोळ वहिनींनी शिवली. आमच्या घरात खोळ नसलेली वस्तू सापडणं कठीण. मिक्सरला खोळ, रेडिओला खोळ, रिमोटला दोन खोळी, एक घातलेली आणि एक धुवायला टाकलेली. शिलाई मशीनला त्याच मशीनवर शिवलेली खोळ. सोफ्याचं दुकानातलं प्लॅस्टिक नऊ वर्षं निघालेलं नाही. उन्हाळ्यात त्यावरून उठायचं तर आधी एक पाय सोडवावा लागतो आणि मग दुसरा. मी बिनलग्नाचा, थोरल्या भावाच्या घरात मागच्या खोलीत राहणारा. मला अजून खोळ घातलेली नाही याबद्दल मी वहिनींचा आभारी आहे.

डिंगीचा विषय निघाला तो डॉक्टरांमुळे. दादाच्या छातीचे फोटो उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, "दोन महिने."

मी सवयीनं विचारलं, "मापात फरक किती धरायचा?"

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "दोन आठवडे. इकडे किंवा तिकडे."

घरी येऊन दादा सोफ्यावर बसला, प्लॅस्टिक चुरचुरलं, आणि तो म्हणाला, "मला बेटावर जायचंय."

ते बेट आमच्या बंदरापासून सहा तासांवर. आमचे वडील तिथल्या दीपस्तंभावर दिवा सांभाळायला होते. दोन खोल्यांचं घर, समोर वाळू, आणि बाकी सगळं पाणी. दादा तिथं नऊ वर्षांचा झाला. मी जेमतेम एक वर्षाचा असताना आम्ही तिथून निघालो. वडील दर वाढदिवसाला दादाला दाराच्या चौकटीला उभं करायचे आणि डोक्यापाशी चाकूनं खूण करायचे. नऊ खुणा. "तुझीही एक आहे," दादा मला लहानपणापासून सांगायचा, "गुडघ्याएवढी. उभा राहत नव्हतास, मी काखेत धरलं होतं." त्याला ती चौकट बघायची होती. दुसरं काही मागितलं नाही.

आमच्याकडे शिडाची एक छोटी बोट आहे. दोघांनी मिळून वीस वर्षांपूर्वी जुनी घेतली, नाव ठेवलं 'सवड'. दर रविवारी खाडीत एक फेरी मारायची, नांगर टाकून डबा खायचा आणि चारच्या आत परत. बेटाचं दर वर्षी ठरायचं. मग एका वर्षी घराचं छत गळायचं, एका वर्षी माझी बदली व्हायची, एका वर्षी वहिनींचा गुडघा. वीस वर्षांत आम्ही बेटाकडे तोंड करून डबा खाण्यापलीकडे गेलो नाही. आता एकदम घाई झाली होती.

अडचण अशी की 'सवड'च्या पोटाखाली एक जड लोखंडी पातं आहे, त्यामुळे ती काठाला लागत नाही. बेटावरचा धक्का केव्हाच कोसळला. तेव्हा नांगर दूर टाकायचा आणि तिथून छोट्या होडीनं जायचं. ही छोटी होडी म्हणजे डिंगी. हवा भरून फुगवायची, दोरानं बोटीच्या मागे ओढत न्यायची.

खालच्या मजल्यावर कमांडर राहतात. ते आरमारात होते हे खरं. पण कोठारात, घोंगड्या मोजायला. समुद्र त्यांनी कोठाराच्या खिडकीतून पाहिला. तरी पाण्याचा विषय निघाला की ते कमरेवर हात ठेवून उभे राहतात.

"डिंगी रबराची घ्या," ते म्हणाले. "प्लॅस्टिक उन्हानं चिकट होतं. आणि तळ टणक हवा. तुम्हाला पोहता येतं ना?"

"वीस वर्षं बोटीवर आहे," मी म्हणालो.

"ते विचारलं नाही मी."

पोहता मला येत नाही. पडायचंच कशाला, असं माझं धोरण होतं आणि तोपर्यंत त्याला कुठं तडा गेलेला नव्हता.

दुकानात मी मोजपट्टी घेऊन गेलो. दुकानदारानं तीन प्रकार दाखवले: तळाला लाकडी फळ्या असलेली, तळातही हवा भरायची, आणि एकसंध कडक तळाची. कडक तळाची सगळ्यात चांगली. फक्त ती दुमडत नाही आणि आमच्या जिन्यातून वर जात नाही. फळ्या दादाच्या हाडांना टोचतील. म्हणून हवेच्या तळाची ठरली. मग माप. दुकानदारानं विचारलं, "माणसं किती, वजन किती?" मी माझं सांगितलं, वहिनींचं अंदाजानं सांगितलं, आणि दादाचं सांगायला थांबलो. आदल्या आठवड्यात त्रेचाळीस होतं, त्या सकाळी एक्केचाळीस.

"मग ही धाकटी पुरेल की," दुकानदार माझ्या सोयीसाठी खूश झाला.

मी एक माप मोठी घेतली. भावाचं वजन उतरतंय हे गृहीत धरून खरेदी करायची माझी तयारी नव्हती.

ती आम्ही दिवाणखान्यात फुगवून पाहिली. पायपंपाला मी, आकडे मोजायला कमांडर. फुगल्यावर लक्षात आलं की ती टीपॉय आणि कपाट यांच्यामध्ये अशी बसली आहे की आता कपाट उघडत नाही, आणि कमांडर पलीकडच्या कोपऱ्यात अडकले आहेत. वहिनींनी तेवढ्यात टेप काढून खोळीचं माप घेतलं. दादा सोफ्यावरून सगळं बघत होता. त्यानं हळूच एक पाय पुढे केला.

"बघू बसून जरा," तो म्हणाला. "माझी जागा कुठली?"

"मधली," मी म्हणालो. "दोन्ही बाजूंनी आम्ही."

"आत्ता नको," वहिनी टेप तोंडात धरून म्हणाल्या. "नवी आहे. सीटचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. आणि चपला आहेत पायात."

"काढतो चपला."

"अरे, तिकडे बसायचंच आहे," मी म्हणालो. "आत्ता कशाला मळवायची?"

दादानं पाय मागे घेतला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्यालाही नाही, त्याच घरात तो चाळीस वर्षं राहत होता.

नंतर बंदर कचेरी. दोनपेक्षा जास्त माणसं वाहणारी कोणतीही तरंगती वस्तू नोंदवावी लागते असा नियम. काउंटरवरचा कारकून जाड चष्म्याचा, वागायला सभ्य, आणि विचारलेल्या प्रश्नापलीकडे एक अक्षर न बोलणारा. पहिल्या फेरीत त्यानं फॉर्म दिला. दुसऱ्या फेरीत डिंगी फुगवून दाखवायला सांगितली. मी कचेरीच्या आवारात पाऊण तास पंप मारला आणि शेवटच्या फुंकरीला तपासणी अधिकारी जेवायला गेले. मी डिंगीशेजारी उभा राहिलो. येणारेजाणारे मला तिचा भाव विचारत होते. एकेकाळी मी बाजारात शिरलो की दुकानदार वजनं लपवायचे. हे त्यांना कोण सांगणार.

'मालकाचे नाव' या रकान्यात मी दादाचं नाव घातलं.

"पैसे तुम्ही दिलेत ना?" कारकुनानं विचारलं.

"होय. पण डिंगी त्याची."

"प्रवासाचा हेतू?"

"बेटावर जाणे. वडिलोपार्जित घर पाहणे."

त्यानं ते वाचलं, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. हा शिक्का लक्षात ठेवा, मला पुढे त्याची फार आठवण आली.

निघायच्या आदल्या दिवशी खोळ तयार झाली. जाड मेणकापड, चारी बाजूंनी इलॅस्टिक, वर बारा नाड्या आणि एका कडेला लाल दोऱ्यानं दादाचं नाव. आत दादाच्या पाठीला उशी, पायाखाली घ्यायला पाट. "ह्यांची जागा कोरडी राहील," वहिनी म्हणाल्या. नाड्या त्यांनी स्वतः बांधल्या, दुहेरी गाठीच्या. मी त्या ओढून पाहिल्या आणि पसंतीची मान हलवली.

ओढायचं कसं यावर दुमत होतं. दुकानदार म्हणाला, दोर आखूड ठेवा, डिंगीचं नाक उचललेलं राहील. कमांडर म्हणाले, लांब ठेवा, बोटीमागे उठणाऱ्या दुसऱ्या लाटेवर ती आपोआप चालते. मी दोघांचं मन राखून दोन दोर बांधले, एक आखूड आणि एक लांब. एवढं मात्र दोघंही म्हणाले होते की आत काही ठेवू नका आणि वर काही घालू नका, वारा धरतो. त्यावर मी म्हणालो होतो, "खोळ म्हणजे काही सामान नव्हे."

सकाळी निघालो. दादाला मागच्या बाकावर गाद्या लावून बसवलं होतं, शेजारी ऑक्सिजनची नळकांडी, तिला खोळ. पहिले चार तास फार सुंदर गेले. दादा सुकाणूवर एक हात ठेवून होता. डिंगी मागून शहाण्यासारखी येत होती, आणि तिच्यावर त्याचं नाव तांबडं चमकत होतं. मला वाटलं, आयुष्यात एक काम आपण वेळेत केलं.

दुपारी वारा चढला. आधी खोळीचा मधला भाग थोडा वर आला, मग गोल झाला. पुढचं इलॅस्टिक एका बाजूनं सुटलं, वारा आत शिरला, आणि डिंगी पाण्यावरून उठली. अख्खी. दोन दोरांच्या टोकाला ती शेपटीवर उभी राहिली, आमच्याकडे पोट करून, आणि एका अंगावर आदळून पालथी झाली. आता खोळीत पाणी भरलं. बोट जागच्या जागी थबकली. सुकाणू फिरवलं तरी ती ऐकेना.

"दोर ढिला पडायला हवा," मी म्हणालो. "इंजिन मागे घेतो."

"नको," दादा म्हणाला.

पण मी घेतलं. दोर ढिला पडला, हे मी मान्य करून घेईन. ढिला पडला, बोटीखाली गेला आणि इंजिनाच्या पंख्याला गुंडाळला गेला. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. तो लांब दोर होता, कमांडरांचा. आखूड दोर तेवढ्यात आपणहून तुटला, म्हणजे दोघांच्याही सल्ल्याचा निकाल एकाच मिनिटात लागला.

"काप," दादा म्हणाला.

"दादा, ती गेली तर—"

"काप. बोट बुडेल."

सुरी खालच्या खणात होती, खोळीत, आणि खोळीला तीन टिचबटणं. ती ओली बटणं माझ्या बोटांना सुटेनात, शेवटी वहिनींनी ती दातानं उघडली. मी दोर कापला. डिंगी मागे पडली, एका लाटेनं तिला सुलटी केली, आणि वाऱ्याबरोबर ती आमच्या पुढे निघून गेली. बेटाच्या दिशेनं.

आम्ही शिडावर रखडत तास-दीड तासानं पोचलो. नांगर पडला. किनारा साठ-सत्तर पावलांवर होता, आणि त्या वाळूवर, एखाद्यानं उचलून ठेवावी तशी, आमची डिंगी बसली होती. खोळीसकट.

मी पाण्याकडे बघितलं. साठ पावलं. रस्त्यावर एवढ्या अंतरासाठी कुणी रिक्षासुद्धा करणार नाही. कमांडरांचा प्रश्न मला आठवला आणि स्वतःची एवढी लाज वाटली की मी दादाकडे पाहू शकलो नाही. तोही पाण्याकडेच बघत होता. तरुणपणी तो खाडी पोहून जायचा. त्यानं नाकातली नळी काढली. वहिनींनी त्याच्या सदऱ्याचा मागचा भाग मुठीत धरला आणि तो त्यांनी परत निघेपर्यंत सोडला नाही.

आम्ही हाका मारल्या. दीपस्तंभ आता आपला आपण लागतो, आपला आपण विझतो. तिथं माणूस नसतो. तरी मी बराच वेळ हाका मारत राहिलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

दादानं दुर्बीण मागून घेतली. "घर आहे," तो म्हणाला. "दार बंद आहे. चौकट तीच. करडा रंग दिलाय."

"खुणा दिसतात?"

"एवढ्या लांबून कशा दिसतील, वेड्या." मग त्यानं दुर्बीण डिंगीवर वळवली, लाल अक्षरं वाचली आणि हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता परत हसला. "मी पोचलो की," तो म्हणाला. "बघ ना, लिहिलंय."

वारा घराच्या दिशेनं फिरला तसं निघणं भाग होतं, कारण इंजिन गेलं होतं. परतीच्या वाटेवर तो झोपला. मी सहा तास सुकाणू धरून उभा होतो आणि मागे दोर नसलेली बोट किती हलकी चालते ते मला कळत होतं.

तीन आठवड्यांनी दादाच्या नावानं बंदर कचेरीचं पाकीट आलं. दीपस्तंभाच्या तंत्रज्ञाला बेटावर एक नोंदणीकृत डिंगी बेवारस आढळली असून ती तेथील खोलीत ठेवण्यात आली आहे. मालकाने तीस दिवसांच्या आत बेटावर जातीने उपस्थित राहून ती ताब्यात घ्यावी, अन्यथा जप्त करण्यात येईल.

दादा तेव्हा उठत नव्हता. मी पत्र वाचून दाखवलं. "जातीने," तो म्हणाला. "बघ, आता सरकारच बोलावतंय." त्याला खरोखर बरं वाटलेलं दिसलं. तो पाणीपुरवठ्यात हेडक्लार्क होता. सरकारी पत्राला उत्तर न देणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. मी मसुदा लिहिला, त्यानं डोळे मिटून ऐकला.

"'कृपया' दोनदा आलंय, एक काढ. कारण थोडक्यात लिही. 'प्रकृतीच्या कारणास्तव' पुरे."

"मुदतवाढ किती मागू?"

"तीस दिवस. साठ मागितले की संशय येतो."

सही त्यानंच केली. त्याला सात-आठ मिनिटं लागली. नाव पूर्ण लिहिलं, खाली रेघही मारली.

दादा एका गुरुवारी दुपारी गेला, वहिनी चहा गाळत असताना. डॉक्टरांचं माप चार दिवसांच्या फरकानं बरोबर आलं. खात्याच्या नियमानं एवढा फरक चालतो. मला तो चालला नाही.

पुढच्या आठवड्यात दुसरं पाकीट आलं. विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून तीस दिवसांची मुदतवाढ मंजूर करण्यात येत आहे.

मी मृत्यूचा दाखला घेऊन कचेरीत गेलो. चष्मेवाल्यानं तो वाचला, चष्मा काढून पुसला, परत घातला. "वारस म्हणून तुम्ही आणि वहिनी जाऊ शकता," तो म्हणाला. "मंगळवारी लाँच आहे."

"कसली लाँच?"

"आमची. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तंत्रज्ञाला घेऊन जाते. सपाट तळाची आहे, थेट वाळूवर लागते. फळी टाकतात, आजारी माणूसही उतरतो. अर्ज केला की कुणालाही नेतात."

"मग मी डिंगी नोंदवायला आलो तेव्हा का नाही सांगितलंत? तुम्ही हेतू वाचला होतात. शिक्का मारला होतात."

त्यानं दाखल्याची घडी घातली. "तुम्ही डिंगीचा अर्ज घेऊन आला होतात," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की मला त्याच्यावर धड चिडताही आलं नाही.

मंगळवारी लाँच वाळूवर लागली. फळी टाकली. वहिनी गुडघ्याला हात लावून उतरल्या, कुणाच्याही आधाराशिवाय. तंत्रज्ञानं कुलूप काढलं. जप्तीच्या वस्तू ठेवायची ती खोली म्हणजे आमचंच घर होतं, आणि डिंगी आमच्या पुढच्या खोलीत होती.

चौकटीवर तैलरंगाचे थरावर थर होते. डोळ्यांना काही दिसेना. मी बोट फिरवलं आणि बोटाला खाच लागली. मग दुसरी. सगळ्यात वरची वहिनींच्या छातीपर्यंत आली. त्यांनी तिच्यावर तळवा ठेवला. "एवढेच होते होय," त्या म्हणाल्या. खालची माझ्या गुडघ्यापाशी होती. मी वाकलो आणि तिथंच जरा वेळ राहिलो.

खोळीवर मीठ वाळून पांढरं झालं होतं. वहिनींनी आपल्याच गाठी सोडवल्या. बारा नाड्या, पंधरा मिनिटं. आत उशी होती, पाट होता, वल्ही होती. सीटवर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच. डिंगीत एका पावलाचाही डाग नव्हता.

"एकदम कोरी," तंत्रज्ञ म्हणाला. "खोळीमुळे राहिली बरं का. कुणी शिवली?" मग त्यानं वहीत 'कोऱ्या स्थितीत सुपूर्द' असं लिहून माझी सही घेतली आणि दिवा बघायला वर गेला.

वहिनी वाकल्या. सीटच्या प्लॅस्टिकला त्यांनी नखानं एक कोपरा काढला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते फाडत गेल्या. रिकाम्या खोलीत त्याचा फार आवाज झाला. मग त्या आत चढल्या आणि एका कडेला बसल्या.

"भाऊजी, या," त्या म्हणाल्या.

मी दारात चपला काढायला लागलो.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "चपला राहू द्या पायात."

मी चपलांसकट आत गेलो आणि मधली जागा सोडून बसलो.